धाकट्या जावेच्या दारातली परडी

समोर असतीस तर म्हणाले असते, ये गं, अशी जवळ ये. लांबून नुसती मान हलवू नको, मला कुठं दिसतंय. आणि आधी तुझा कान धरला असता. परवा तू तुझ्या आईला म्हणालीस म्हणे, "मावशीनं आता सोडून द्यावं की. या वयात कशाला डूख धरायचा?" तुझ्या आईनं ते जसंच्या तसं मला पोचवलं. माझी बहीण काही पोटात ठेवणाऱ्यातली नाही.

अगं, तुला नुसता शेवट माहीत आहे. मावशी दर मंगळवारी धाकट्या जावेच्या दारात जाऊन उभी राहते आणि ती बाई रडकुंडीला येते, एवढाच. सुरुवात कुणी सांगितली तुला? मी सांगते. फोनवर सांगायला गेलं की तुझं "मावशी, आवाज तुटतोय" सुरू होतं, म्हणून लिहूनच पाठवते. लिहायचं म्हणजे मी बोलते, फोन लिहितो आणि मग मला वाचून दाखवतो. चुकलं असलं तर पुसते आणि परत बोलते. शाळा चौथीपर्यंत झाली, पण बोलायला कुठं शाळा लागते?

आमच्या घरात तुळजापूरच्या आईची परडी आहे. तू शहरात वाढलीस, म्हणून नीट सांगते. परडी म्हणजे वेताची पसरट टोपली. आत कवड्या, हळद, कुंकू. ती घरातल्या एकाच बाईच्या हाती असते. त्या बाईनं मंगळवारी गावात पाच घरी जोगवा मागायचा. दारात उभं राहून "आई राजा उदो उदो" म्हणायचं. घरच्या बाईनं ओंजळभर पीठ, चिमूटभर मीठ परडीत टाकायचं आणि परडीपुढं जमिनीला डोकं टेकायचं. त्या पिठाची भाकरी आधी देवीला, मग आपल्याला.

आमच्याकडचे नेम कडक. परडीवाली घरातून निघाली की परत उंबऱ्यात येईस्तोवर तिला कुणी शिवायचं नाही. भावकीच्या घरी मागायचं नाही, कारण ते आपलंच पीठ झालं. आणि दारात आलेली परडी कुणी रिकामी पाठवायची नाही, मग ती वैऱ्याच्या हातात का असेना.

सासूबाई गेल्या तेव्हा परडी माझ्या हाती आली. थोरली सून मी. धाकटीच्या डोळ्यांत ती तेव्हापासून सलत होती.

पुढं मला काचबिंदू झाला. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं. समोरचा माणूस दिसायचा, पण बाजूनं आलेली म्हैस दिसायची नाही. सोलापूरला दाखवलं तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवू. तेही टिकलं नाही. एका मंगळवारी परडी घेऊन निघाले आणि गटारीत पाय गेला. शेजारच्या आपानं धावत येऊन मला सावरलं. बिचारीनं चांगुलपणानं हात धरला, पण नेम मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटी हजर.

"अक्का, तुम्ही आता बसून खावा. परडी म्या नेते. नुसती सांभाळते हो."

नुसती सांभाळते म्हणाली आणि ठेवून घेतली. आपल्याला दिसत नाही, मग कोणत्या तोंडानं मागायची, असं वाटायचं तेव्हा मला.

पण त्याच उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या बाया मिळून कुरडया घालत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते, काम कुणी दिलं नव्हतं. कुणीतरी माझ्या डोळ्यांचा विषय काढला. धाकटी म्हणाली, "परडी हातात असताना देवी कुणाचे डोळे नेती व्हय? कायतरी चुकलं असंल त्यांचं. त्याबिगर न्हाय." आणि दोघीतिघींनी हुंकार भरला. मी तिथंच होते गं, हातभर अंतरावर. आंधळी म्हणजे बहिरीही, असा तिचा हिशेब.

सांग आता, हे सोडून द्यायचं? मालक गेले ते दुःख मी गिळलं. डोळे गेले तेही गिळलं. पण मी देवीची गुन्हेगार आहे, हे गावातल्या बायांच्या कानात घातलं तिनं. त्या संध्याकाळी घरी आले, चूल पेटवली नाही, देवापुढं बसले आणि म्हणाले, परडी तर मी परत आणीनच. आणि हिचं डोकं माझ्या पायापुढच्या मातीला लावीन.

आता फोनचं सांगते. लेकानं पुण्याहून आणला आणि आठवडाभर राहून शिकवला. पडद्यावरून बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते तो बोलतो. हवं ते सापडलं की दोनदा टकटक करायचं. पहिले दिवस मी रडले. कुठंही बोट लागावं आणि त्यानं म्हणावं, "लेबल नसलेलं बटण." कसलं बटण, कशाचं बटण, काही सांगायचा नाही. एका घरी दहाव्याला गेले होते, सगळे शांत बसलेले, आणि माझ्या कमरेतून फोन मोठ्यानं म्हणाला, "बॅटरी पूर्ण चार्ज झाली." चार्जिंगची डबी लावून आले होते ना. घरी येऊन फोन गव्हाच्या कोठीत टाकून दिला. दुसऱ्या दिवशी मीच हुडकून काढला.

लेकानं एक गोष्ट चांगली केली. पडदा काळाच ठेवला. मला उजेडाचं काय करायचंय? फोन चालू असतो, बोलत असतो, पण बघणाऱ्याला बंद दिसतो. आपा हसायची. ती आमच्या भिंतीला भिंत लागून राहते, दखनीत बोलते. "क्या गे अक्का, बंद डब्बे को क्या घिसती बैठती?"

मग नकाशा शिकले. नकाशाला हायवे माहीत, पेट्रोल पंप माहीत, अणदूरचं खंडोबाचं देऊळ माहीत. आमच्या गल्लीत शिरलं की मात्र तो सांगायचा, "नाव नसलेल्या रस्त्यावरून सरळ जा." सरळ म्हणजे कुठं? उकिरड्यात? एकदा खरंच गेले. तेव्हा लेकानं फोनवरून दुसरी युक्ती सांगितली. ज्या दारात जायचं तिथं उभं राहून ती जागा फोनमध्ये ठेवायची आणि तिला आपलं नाव द्यायचं. मग आपा आणि मी रोज दुपारी गल्ली सामसूम असताना फिरायचो. ती माझा हात धरून एकेका दारात उभी करायची, मी जागा ठेवायची. 'गिरणीवाली.' 'शिवणवाली.' 'लिंबाखालचं घर.' 'ओट्याचं घर.' आणि पाचवं, शेवटचं, आपाचं. सासूबाईंच्या वेळेपासून त्यांच्या घरचं पीठ आमच्या परडीत येतं.

मग हळूहळू आपानं हात सोडला आणि मागून चालू लागली. एका कानात वायर, दुसरा कान रस्त्याला मोकळा, उजव्या हातात काठी, डाव्या हातावर परडीऐवजी धान्य पाखडायचं सूप. गाव म्हणायचं, थोरलीला वेड लागलं, सूप घेऊन हिंडते. म्हणू दे म्हटलं.

जमतंय असं वाटलं तेव्हा मामंजींच्या ओसरीवर गेले. आमचे चुलत सासरे ते, भावकीत सगळ्यांत थोर. धाकटीलाही बोलावणं गेलं.

"मामंजी," मी म्हणाले, "परडी मला परत पाहिजे. कुणाचा हात न धरता मी पाच घरं मागून दाखवते. जमलं तर परडी माझ्या घरी. न्हाय जमलं तर धाकटीनं खुशाल ठेवावी, मी पुन्हा नाव काढणार न्हाय."

धाकटी तयारच होती. "मामंजी, त्यो फोन वाट दाखवणार म्हंजे हात धरल्यावानीच की. आन् फोन तरी कुठं चालू असतोय? म्या सोता बघितलंय, काळा ठिक्कर असतोय. कानात वायर घालून सोंग करत्यात. मागनं ती आपा कायतरी खुणा करत आसंल."

मी वायर काढली आणि फोन तिच्यापुढं धरला. "घे. बघ बंद आहे का."

तिनं घेतला आणि काळ्या पडद्यावर बोट ठेवलं. फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "अलीकडचे कॉल." ती दचकली. बोट सरकलं. फोन म्हणाला, "धाकटी उचलू नये. मिस्ड कॉल."

काय सांगू तुला! मामंजींना ठसका लागला. लेकाला नावं घालायला सांगितली होती तेव्हा मी तिचं तसंच घालून घेतलं होतं. ती घाबरून टकटक करायला लागली, तर फोन लागला, आणि तिच्याच कमरेला तिचा फोन वाजायला लागला. ओसरीवरची माणसं हसून हसून कोलमडली. तिनं फोन माझ्या हातात कोंबला.

मामंजी डोळे पुसत म्हणाले असतील, आवाजावरून तसं वाटलं. "हे बघा. फोनला हात न्हाईत. ज्याला हात न्हाईत त्यो शिवंल कसा? येत्या मंगळवारी थोरलीला जाऊ दे. पर वाटंत कुणी तिला शिवलं, कुणी वाट सांगितली, न्हाय तर ती कुणाला धडकली, तर परडी धाकटीची."

तेवढं शेवटचं वाक्य धाकटीनं नीट ऐकून ठेवलं.

मंगळवारी परडी हातावर आली तेव्हा तिचं वजन मला बरोबर ओळखू आलं. सूप ते सूप आणि परडी ती परडी. गल्लीतली माणसं भिंतीला पालीसारखी चिकटून उभी असावीत, कारण श्वास ऐकू यायचे आणि अंगाला कुणी लागायचं नाही. मामंजी काठी टेकत मागून येत होते. धाकटीही येत होती, तिची जोडवी वाजत होती. मी कधी पडते ते बघायला.

पहिलं घर झालं. दुसरं झालं. तिसरीकडं लिंबाखाली पीठ पडलं आणि त्या घरची सून म्हणाली, "अक्का, लई दिवसांनी आलात." मी परडी सावरली आणि काठी पुढं टाकली.

ओट्याच्या घराकडं जाणाऱ्या बोळात शिरले आणि काठी लोखंडावर आपटली. हात लावून बघितला. ट्रॉली. बोळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरलेला. त्या बोळात ट्रॉली कधी नसते. गावात तशी पत्रा ठोकलेली ट्रॉली एकच आहे, माझ्या दिराची. फोन बापडा म्हणतोय, सरळ जा. त्याला काय माहीत माणसं कशी असतात.

आपा ओरडली, "अगे अक्का, ठैर, इधर से..." आणि धाकटी तिच्यावर कडाडली, "बोलायचं न्हाय! नेम हाय!"

मागं वळले. मारुतीच्या मागची अरुंद वाट मला डोळे होते तेव्हाची ठाऊक होती. तिथून घुसले. फोन म्हणाला, "मार्ग बदलत आहे." दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर पत्रे. अशा जागी या नकाशाचा ठाव हलतो. तुम्ही भिंतीच्या अलीकडं आहात का पलीकडं, हे त्याला कळत नाही. मला हे माहीत होतं. पण डोक्यात राग असा भणाणत होता, की तो "पोहोचलात" म्हणाल्याबरोबर मी थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई राजा उदो उदो!"

आतून कुणी पीठ घेऊन आलं नाही. काठी पुढं घालून उंबरा चाचपला, तर दगड नाही. गुळगुळीत फरशी. आख्ख्या गल्लीत फरशीची पायरी एकीच्याच दाराला आहे.

मी धाकटीच्या दारात उभी होते, आणि धाकटी माझ्या मागं.

"मोडला! नेम मोडला!" ती टाळ्या पिटत पुढं आली. "भावकीच्या दारात परडी मागितली! मामंजी, आता काय म्हणता? द्या परडी इकडं!"

खरं सांगते, मी परडी छातीशी घट्ट धरली. आणि मग देवीनं म्हण, रागानं म्हण, मला आठवण दिली. माझे मालक वारले तेव्हा हिच्या पोराचा साखरपुडा ठरलेला होता. सुतक धरलं असतं तर साखरपुडा पुढं ढकलावा लागला असता. तेव्हा हिनं भरल्या घरात सांगितलं होतं, वाटणी झाली तशी भावकी तुटली, आम्हाला तुमचं सुतक नाही. माझ्या दारात माणसं खांदा द्यायला गोळा झालेली, आणि हिच्या घरी पेढ्यांची खोकी येत होती.

मी वळले नाही. दाराकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "मामंजी, भावकीत असतं त्याला सुतक लागतं का न्हाय?"

"लागतं."

"हिनं माझ्या मालकांचं सुतक धरलं का?"

मामंजींनी काठी जमिनीवर टेकली. त्यांचाच सख्खा पुतण्या होता तो. मग त्यांचा आवाज आला, थंड. "न्हाय धरलं."

"मग हे घर भावकीचं कसं?"

कुणीतरी बाई "गं माय!" म्हणाली. धाकटी काहीतरी बोलायला लागली, "तवाची गोष्ट येगळी हुती...", तिला मामंजींनी पुढं बोलूच दिलं नाही. "तू सुतक धरलं न्हाईस, तवा तू परकी. दारात परडी उभी हाय. रिकामी पाठवायची न्हाय. भर."

तिला स्वतःच्याच घरात जायला माझ्यापासून अंग चोरून, दाराच्या कडेनं शिरावं लागलं. शिवली असती तर सगळ्यांना दिसलं असतं कुणी कुणाला शिवलं ते. आत डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आली. पीठ पडलं, मीठ पडलं. मग ती नुसतीच उभी राहिली. मी पण उभी राहिले. मला घाई नव्हती.

"डोकं टेक," मामंजी म्हणाले.

तिच्या बांगड्या फरशीला लागल्या, तो आवाज मी ऐकला. अगं, तुझी शपथ, त्या आवाजानं माझे कान तृप्त झाले. जिनं मला देवीची गुन्हेगार म्हटलं, तिचं कपाळ माझ्या पायापुढं. आणि मला तिथं आणलं कुणी? तिच्याच ट्रॉलीनं. बोळ मोकळा असता तर मी बापडी ओट्याच्या घरी जाऊन मुकाट्यानं घरी आले असते. गावातल्या बाया आता म्हणतात, देवीनंच थोरलीला त्या दारात नेलं. ओट्याचं घर आणि तिचं घर पाठीला पाठ, तो नकाशाचा घोळ होता, पण मी कुणाला सांगायला जात नाही.

चौथं घर धाकटीचं मोजलं गेलं, पाचवं आपाचं. ती पीठ टाकताना हसत होती का रडत होती, मला कळलं नाही.

परडी तेव्हापासून माझ्या देवघरात आहे. तू म्हणशील, मग झालं की. नाही झालं. त्याच आठवड्यात दुपारी मी परत त्या फरशीच्या पायरीपाशी गेले आणि ती जागा फोनमध्ये ठेवून घेतली. आता घोळ होत नाही. दर मंगळवारी फोन मला बरोबर नेऊन सोडतो.

तिनं काय काय करून बघितलं. एकदा दाराला कुलूप लावून मागच्या परसात लपली. मी पायरीपाशी उभी राहून जोगवा म्हणत राहिले, गल्ली जमली, शेवटी तिच्या सासुरवाशीण लेकीनंच, माहेरी आली होती ती, मागनं आईला ओढून आणलं. एकदा पिठाऐवजी नुसता कोंडा घातला. मी तिथंच बोटानं चाचपून म्हणाले, "देवीला कोंड्याची भाकरी करू का गं?" मग चाळलेलं पीठ आलं. मध्ये निरोप पाठवला, परडीला भरजरी साडी देते, पण दारात येऊ नका म्हणावं. साडी परत पाठवली.

एका मंगळवारी तिचा आवाज फार बारीक झाला होता. "अक्का, किती दिवस?" म्हणाली. वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू, वाटलं. माझ्या दारापर्यंत येईस्तोवर वाटत होतं. मग तो भिंतीला टेकून बसलेला दिवस आठवला आणि ते वाटणं संपलं.

तिनं काय करावं हे मी तिला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलंय. कुरडया घालताना ज्या बाया होत्या त्याच बायांपुढं तिनं एक वाक्य बोलावं, की माझ्या जावेचे डोळे रोगानं गेले, तिचं काही चुकलं नव्हतं. एवढं बोलली की मी तिची पायरी फोनमधून पुसून टाकीन. बोलत नाही ती. मग मीही जाते. आणि खरं विचारशील तर ती बोलत नाही याचं मला फार दुःख होत नाही. मंगळवारची मी वाट बघते.

फक्त एक गोष्ट राहते, आणि त्यासाठीच हे एवढं लिहिलं. ती डोकं टेकते तेव्हा तिचं तोंड कसं होतं, ते मला कुणी धड सांगत नाही. आपा म्हणते, "पत्थर जैसा." शिवणवाली म्हणते, दात खाते. गिरणीवाली म्हणते, मी तिकडं बघतच नाही बाई. फोनमध्ये फोटो काढला की समोर काय आहे ते सांगायची सोय आहे, म्हणून गळ्यातल्या पिशवीतून हळूच फोटो काढला. तर तो मेला सांगतो, "दारात एक महिला वाकलेली आहे. ती आनंदी दिसत आहे." आनंदी! त्याला डोळे असून काय उपयोग?

म्हणून तू ये. दिवाळीची वाट बघू नको, एखाद्या सोमवारी रात्रीची गाडी धर, मंगळवारी सकाळी पोचशील. माझा हात धरायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, नुसतं मागून चालायचं. ती उठताना तिच्याकडं नीट बघायचं, आणि घरी आल्यावर माझ्यापाशी बसून सगळं सांगायचं, काही न लपवता. सोडून द्या म्हणायचं असलं तर तेव्हा म्हण, बघून झाल्यावर. पण लवकर ये गं माय.